अभिव्यक्तिस्वातंत्र्य: ठरवणार कोण, केव्हा आणि कशाच्या आधारावर

अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल दोन गोष्टी नेहमी विचारल्या जातात. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची कल्पना आली कुठून, ही पहिली. आणि जगातल्या जवळपास प्रत्येक देशात या स्वातंत्र्यावर कायद्याने मर्यादा घातलेल्या असतील, तर त्याला मूलभूत हक्क म्हणण्यात अर्थ काय उरतो, ही दुसरी. प्रकाशनाशी संबंधित खटल्यांत अनेक वर्षे वकिली केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नातच आहे. हक्काची घोषणा सगळीकडे साधारण सारखीच असते आणि मर्यादांची यादीही फारशी वेगळी नसते. फरक पडतो तो तीन बाबींनी: मजकूर अडवायचा की नाही हे कोण ठरवते, प्रसिद्धीपूर्वी ठरवते की नंतर, आणि काय सिद्ध झाल्यावर ठरवते. गेल्या चारशे वर्षांतला या हक्काचा इतिहास म्हणजे या तीन बाबींवरून झालेली झटापट आहे.

अनेक जण या इतिहासाची सुरुवात अथेन्सपासून करतात. तेथील सभेत नागरिकाला उठून बोलता येत असे हे खरे, पण स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक यांना त्या सभेत स्थान नव्हते, आणि त्याच अथेन्सने इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला देहान्ताची शिक्षा दिली. बोलणे हा तेथे नागरिकाचा मान होता; सत्तेविरुद्ध दाद मागता येईल असा हक्क तो नव्हता. आपण आज ज्या अर्थाने हा शब्द वापरतो त्याची सुरुवात छापखान्यापासून करावी लागते, कारण एका माणसाचे म्हणणे हजारोंपर्यंत पोहोचू लागल्यावरच राज्यकर्त्यांनी त्यावर पद्धतशीर पहारा बसवला.

तो पहारा परवान्याचा होता. इंग्लंडमध्ये छपाईपूर्वी मजकूर परवाना अधिकाऱ्याकडे द्यावा लागे, आणि छपाईचा मक्ता लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांच्या व मुद्रकांच्या संघाकडे असे. मक्ता टिकवण्यात संघाचे हित होते आणि मजकुरावर नजर ठेवण्यात सरकारचे, त्यामुळे दोघांचे चांगले जमत असे. राजाच्या बाजूने ही व्यवस्था चालवणारे स्टार चेंबर न्यायालय १६४१ मध्ये पार्लमेंटने मोडीत काढले, पण राजाशी लढणाऱ्या त्याच पार्लमेंटने १६४३ मध्ये परवान्याची पद्धत पुन्हा लागू केली. कवी जॉन मिल्टनने १६४४ मध्ये याविरुद्ध आपली प्रसिद्ध पुस्तिका लिहिली. ग्रंथ जगात येण्याआधीच त्याचा निवाडा का व्हावा, आणि सगळ्या देशाने काय वाचावे हे ठरवण्याइतकी शहाणी माणसे परवाना देण्याच्या नोकरीवर मिळणार तरी कशी, हे त्याचे प्रश्न आजही तितकेच बोचतात. मात्र कॅथलिकांना ही मोकळीक द्यायला तोच मिल्टन तयार नव्हता. स्वातंत्र्याच्या थोर कैवाऱ्यांच्या लेखनातही असा एखादा अपवाद बहुधा असतो. त्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही, पण ‘आमच्यासाठी स्वातंत्र्य, त्यांच्यासाठी नाही’ ही वृत्ती किती खोल रुजलेली असते, ते त्यातून कळते.

मिल्टनच्या लेखणीने कायदा बदलला नाही. परवान्याचा कायदा १६९५ मध्ये गेला तो मुदत संपून, आणि कॉमन्स सभागृहाने त्याला मुदतवाढ नाकारताना दिलेली कारणे बव्हंशी व्यवहारातली होती: मक्तेदारीमुळे पुस्तके महाग होतात, आयात मालाची पेटी अडकून पडते, झडतीच्या नावाखाली घरात घुसण्याचा अधिकार दिला जातो. विचारस्वातंत्र्याच्या बाजूने एखादे उदात्त भाषण करून नव्हे, तर व्यापाराच्या तक्रारींमुळे इंग्लंडमधील पूर्वतपासणी संपली. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. तत्त्वाचे समर्थन मागाहून रचले गेले. दार आधी उघडले होते. आणि ते उघडताच सरकारने दुसरा उपाय शोधला. १७१२ मध्ये वृत्तपत्रांवर मुद्रांक कर बसला, तो वाढत वाढत १८१५ मध्ये प्रत्येक अंकामागे चार पेन्सवर गेला आणि १८५५ पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात टिकला. मजकुराला कोणी हात लावला नाही. गरीब माणसाला वृत्तपत्र विकत घेता येणार नाही एवढीच व्यवस्था केली.

परवाना गेल्यानंतर उरली ती प्रसिद्धीनंतरची शिक्षा. राज्यकर्त्याची किंवा शासनाची निंदा हा गुन्हा होता, आणि मजकूर खरा असणे हा त्यावर बचाव नव्हता. उलट खऱ्या आरोपाने लोकांचा क्षोभ अधिक होतो, म्हणून तो अधिक घातक, असा विचार न्यायालयांत रूढ होता. शिवाय ज्युरीने फक्त ‘हा मजकूर आरोपीने छापला का’ एवढेच सांगायचे; तो निंदाकारक आहे की नाही ते न्यायाधीश ठरवणार. राजाने नेमलेल्या न्यायाधीशाने राजाच्या निंदेचा निवाडा करायचा, असा हा प्रकार होता.

१७३५ मधील न्यूयॉर्कचा खटला येथे थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्क तेव्हा इंग्लंडची वसाहत होती. जॉन पीटर झेंगर नावाच्या मुद्रकाने गव्हर्नर विल्यम कॉस्बी याच्या कारभारावर टीका करणारे साप्ताहिक छापले. लेख बहुतांशी इतरांचे होते, पण सापडला तो मुद्रक. नोव्हेंबर १७३४ मध्ये त्याला अटक झाली आणि आठ महिन्यांहून अधिक काळ तो तुरुंगात राहिला. त्या काळात त्याची पत्नी ॲना हिने साप्ताहिक चालू ठेवले. त्याच्या मूळ वकिलांनी न्यायाधीशांच्या नेमणुकीलाच आव्हान दिले म्हणून त्यांना काम चालवण्यास मनाई करण्यात आली. ऑगस्टमध्ये सुनावणी सुरू झाल्यावर फिलाडेल्फियाहून आलेले वृद्ध वकील अँड्र्यू हॅमिल्टन उभे राहिले आणि त्यांनी पहिल्याच झटक्यात मान्य करून टाकले की मजकूर आमच्या अशिलाने छापला आहे. कायद्याप्रमाणे खटला तेथेच संपायला हवा होता. हॅमिल्टन म्हणाले की मजकूर खोटा असेल तरच तो गुन्हा ठरावा, आणि तो खरा असल्याचे आम्ही दाखवतो. मुख्य न्यायाधीशांनी ते नाकारले. तेव्हा हॅमिल्टन ज्युरीकडे वळले आणि साक्षीपुरावा आम्हाला देऊ दिला जात नसला तरी या गोष्टी तुमच्या डोळ्यांसमोर घडल्या आहेत, असे आवाहन त्यांनी केले. ज्युरीने झेंगरला निर्दोष ठरवले. या निकालाने कायदा बदलला नाही, कारण ज्युरीचा निर्णय पुढच्या खटल्यांवर बंधनकारक नसतो. पण अशा खटल्यात शिक्षा मिळवणे कठीण आहे हे राज्यकर्त्यांच्या लक्षात आले, आणि संपूर्ण प्रश्नावर निर्णय देण्याचा ज्युरीचा अधिकार इंग्लंडने १७९२ मध्ये कायद्याने मान्य केला.

दरम्यान स्वीडनने १७६६ मध्ये मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा केला. धर्मविषयक ग्रंथांचा अपवाद ठेवून पूर्वतपासणी रद्द झाली, आणि त्याहून विलक्षण म्हणजे सरकारी कागदपत्रे पाहण्याचा व छापण्याचा अधिकार नागरिकांना मिळाला. सरकारने काय केले हे कळण्याची सोय नसेल, तर त्यावर बोलण्याची मोकळीक अर्धीच राहते, हे ओळखणारा हा पहिला कायदा. काही वर्षांतच तिसऱ्या गुस्ताव्ह राजाने त्याला कात्री लावली.

कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन यांनी १७६९ मध्ये इंग्लंडच्या कायद्याचा सारांश मांडताना म्हटले की मुद्रणस्वातंत्र्य म्हणजे प्रसिद्धीपूर्व बंधन नसणे. प्रसिद्धीनंतरच्या शिक्षेपासून संरक्षण त्यात येत नाही. ‘बोला, मग परिणाम भोगा’ असे आजही पुष्कळ लोक म्हणतात, आणि ते आपणच काढलेले शहाणपण आहे असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ती अडीचशे वर्षांपूर्वीची भूमिका आहे, आणि ती अपुरी का आहे हे अमेरिकेच्या अनुभवाने लवकरच दाखवले. भाषण व मुद्रण यांच्या स्वातंत्र्याचा संकोच करणारा कायदा काँग्रेस, म्हणजे तेथील संसद, करणार नाही, असे अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ मध्ये लिहिले गेले. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत त्याच काँग्रेसने सरकारवरील खोट्या व द्वेषमूलक लेखनासाठी शिक्षेचा कायदा केला. या १७९८ च्या कायद्यात झेंगरच्या वकिलाने मागितलेले सगळे होते: सत्य हा बचाव होता आणि निर्णय ज्युरीचा होता. तरीही व्हरमाँटचे प्रतिनिधी मॅथ्यू लायन यांना अध्यक्षांवर कडक टीका केल्याबद्दल चार महिने तुरुंगात जावे लागले. तुरुंगात असतानाच ते पुन्हा निवडून आले.

या खटल्यांतून जे उघड झाले ते वकिली करताना मला रोज दिसते. वस्तुस्थिती सिद्ध करता येते. मत सिद्ध करता येत नाही. ‘अमुक अध्यक्षाला सत्तेचा हव्यास आहे’ हे वाक्य कोणत्या साक्षीदाराने खरे करायचे? सत्य सिद्ध करण्याचा भार बोलणाऱ्यावर टाकला की सत्य बोलणाराही गप्प बसतो, कारण त्याच्याजवळ सत्य असते पण न्यायालयात टिकेल असा कागद नसतो, किंवा कागद असतो पण वकिलाची फी नसते. संपादकाच्या टेबलावर नोटीस येते, त्यात मोठी रक्कम लिहिलेली असते, आणि ‘या वेळी हा परिच्छेद राहू द्या’ असे कोणीतरी म्हणते. त्या परिच्छेदावर कोणतेही न्यायालय कधी निर्णय देत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या प्रकरणात नेमका हा भार फिरवला: सार्वजनिक पदावरील व्यक्तीने बदनामीचा दावा लावला, तर मजकूर खोटा असल्याचे जाणून किंवा खरेखोटेपणाची बेपर्वाई करून तो छापला गेला, हे त्या व्यक्तीने सिद्ध करायचे. अनेक देशांना हा नियम टोकाचा वाटतो. मला त्याची दिशा बरोबर वाटते, जरी त्यात सामान्य माणसाच्या अब्रूचे रक्षण कमी पडण्याचा धोका आहे.

हे स्वातंत्र्य कशासाठी, याचे सर्वांत परिचित उत्तर इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये दिले: दडपलेले मत खरे असू शकते, अंशतः खरे असू शकते, आणि पूर्ण खोटे असले तरी त्याच्याशी झुंज दिल्याशिवाय खरे मतही निर्जीव होऊन पाठांतरापुरते उरते. मला त्याहून जवळचे वाटते ते फ्रेडरिक डग्लस यांचे म्हणणे. गुलामगिरीतून पळून सुटलेले डग्लस डिसेंबर १८६० मध्ये बॉस्टनला एका सभेत होते आणि जमावाने ती सभा उधळली. काही दिवसांनी त्याच शहरात बोलताना त्यांनी सांगितले की वाणी दडपणे हा दुहेरी अन्याय आहे, कारण त्यात बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचाही हक्क हिरावला जातो. वक्ता नकोसा असेल, उद्धट असेल, त्याच्याबद्दल सहानुभूती वाटणार नाही. पण त्याला गप्प करणारा तुमच्या वतीने ठरवत असतो की तुम्ही काय ऐकावे. सभा उधळणारा तेथे जमाव होता, शासन नव्हते, हेही लक्षात घ्यावे लागते.

विसाव्या शतकातला वाद तिसऱ्या बाबीवर, म्हणजे काय सिद्ध व्हावे यावर झाला. नाट्यगृहात ‘आग, आग’ असे खोटेच ओरडण्याचे स्वातंत्र्य कोणालाही नाही, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स यांनी ते १९१९ मध्ये ज्या निकालात लिहिले, त्यातला आरोपी कोठेही आग लागल्याचे ओरडला नव्हता. सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध पत्रके वाटल्याबद्दल त्याची शिक्षा या निकालाने कायम झाली. मर्यादांचे समर्थन करताना हे वाक्य वापरणाऱ्यांना ही पार्श्वभूमी सांगावी असे मला नेहमी वाटते. स्वतः होम्स त्याच वर्षाच्या शेवटी दुसऱ्या एका प्रकरणात बहुमताविरुद्ध गेले, आणि १९६९ मध्ये त्या न्यायालयाने कसोटी अशी पक्की केली की भाषण तात्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्याच्या उद्देशाने केलेले असावे आणि तसे कृत्य घडण्याचा संभवही असावा. त्याशिवाय शिक्षा नाही.

‘अशा बोलण्याने वाईट प्रवृत्ती बळावते’ आणि ‘या बोलण्याने आता येथे हिंसा घडेल’ यांतले अंतर किती मोठे आहे, ते भारताच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते. भारतीय दंडसंहितेत राजद्रोहाचे कलम १२४अ हे १८७० मध्ये घातले गेले. बाळ गंगाधर टिळकांवर १८९७ मध्ये ‘केसरी’तील मजकुरावरून खटला चालला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितले की कलमातील ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ सरकारबद्दल प्रीतीचा अभाव, आणि प्रत्यक्ष दंगा किंवा बंड झाले नाही किंवा होण्याचा हेतू नव्हता हे गैरलागू आहे. म्हणजे सरकारबद्दल वाचकाच्या मनात दुरावा उत्पन्न करण्याचा प्रयत्न एवढे पुरेसे. ज्युरीतील सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा भारतीयांनी निर्दोष. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ मध्ये पुन्हा खटला झाला, मते सात विरुद्ध दोन अशी पडली आणि सहा वर्षे मंडाले. ज्युरी असणे पुरेसे नसते, ज्युरी कोणाची हेही पाहावे लागते, हा झेंगरच्या कथेला जोडायचा धडा.

स्वतंत्र भारताने हक्क आणि मर्यादा दोन्ही राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये लिहिल्या. १९५० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने रोमेश थापर यांच्या साप्ताहिकावरील मद्रास सरकारची बंदी रद्द केली, आणि त्यावर उत्तर म्हणून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती होऊन सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध व गुन्ह्यास चिथावणी ही कारणे मर्यादांच्या यादीत आली. या दुरुस्तीवर टीका करणारे सहसा विसरतात की त्याच दुरुस्तीने निर्बंध ‘वाजवी’ असावेत ही अट या हक्काच्या बाबतीत प्रथमच घातली. त्या एका शब्दामुळे निर्बंध तपासण्याचा अधिकार न्यायालयाकडे आला. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२४अ रद्द केले नाही, पण हिंसेस चिथावणी किंवा सुव्यवस्था बिघडवण्याची प्रवृत्ती असेल तरच ते लागू होईल असा अर्थ लावून स्ट्रेची यांची व्याख्या बाजूला सारली. निकालपत्रातली ही अट पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवताना किती पाळली गेली, हा वेगळा आणि दुःखद विषय आहे. मे २०२२ मध्ये न्यायालयाने या कलमाचा वापर स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेत ते नाव नाही, पण सार्वभौमत्व व एकात्मता धोक्यात आणण्याचे कलम १५२ आहे, आणि त्याचा अर्थ न्यायालये संकुचित लावतात की सैल, यावर बरेच अवलंबून आहे.

मुद्रांक कराच्या जातीचे बंधनही आपल्याकडे येऊन गेले. अंकाच्या किमतीनुसार किती पाने छापायची हे ठरवणारा आदेश केंद्र सरकारने १९६० मध्ये काढला. मोठ्या वृत्तपत्रांच्या स्पर्धेपासून लहानांना वाचवणे हा त्याचा हेतू सांगितला होता, आणि तो हेतू वाईट नव्हता. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याला आव्हान दिले. त्याच पानांत राहायचे तर किंमत वाढवावी लागेल आणि वाचक तुटतील, किंमत तीच ठेवायची तर पाने कमी करावी लागतील आणि मजकूर तुटेल, अशी ती कोंडी होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये निर्णय दिला की खप आणि पाने यांना हात लावणे म्हणजे अभिव्यक्तीलाच हात लावणे होय, आणि व्यापाराचे नियमन या नावाखाली ते करता येणार नाही. लंडनच्या मुद्रांक कराच्या वेळी असे न्यायालय कोणाला मिळाले नव्हते.

भावना दुखावल्या म्हणून बंदी घालावी का, हा प्रश्न प्रत्येक चर्चेत येतो. धक्का देणाऱ्या, दुखावणाऱ्या आणि अस्वस्थ करणाऱ्या विचारांनाही संरक्षण आहे, असे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटले, पण त्या प्रकरणात प्रकाशक हरला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ मधील एस. रंगराजन निकाल मला अधिक उपयोगी वाटतो, कारण त्याने प्रश्न पुन्हा शासनाच्या कर्तव्यावर आणला: निदर्शनांची किंवा हिंसेची धमकी आली म्हणून चित्रपट थांबवणे हे धमकी देणाऱ्यापुढे नमणे आहे, आणि विरोधी जमाव आवरता येत नाही अशी सबब शासनाला सांगता येत नाही. डग्लस यांच्या सभेला असे संरक्षण मिळाले असते तर ती पार पडली असती. द्वेषमूलक भाषणाबाबत मात्र माझे मत इतके सरळ नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा अनुच्छेद १९ अभिव्यक्तीचा हक्क देतो आणि लगेच पुढचा अनुच्छेद २० वांशिक वा धार्मिक द्वेषातून भेदभाव, वैर किंवा हिंसा यांची चिथावणी देण्यास मनाई करायला सांगतो. एखाद्या समूहाला माणसांतून वजा करणाऱ्या भाषणाने त्या समूहाचे बोलणेच बंद पडते, हे मी नाकारत नाही. पण असे कायदे अल्पसंख्यांच्या रक्षणासाठी लिहिले जातात आणि वापरण्याचा अधिकार मात्र बहुमताच्या सरकारकडे असतो, म्हणून चिथावणीचा पुरावा येथे अधिक काटेकोर हवा.

शेवटी आजच्या माध्यमांविषयी, कारण परवान्याचा जुना प्रश्न तेथे परतला आहे. श्रेया सिंघल प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील, इंटरनेटवरील आक्षेपार्ह संदेशांसाठी शिक्षा ठेवणारे कलम ६६अ रद्द केले आणि चर्चा, पुरस्कार व चिथावणी यांत भेद करून फक्त तिसऱ्यावरच निर्बंध घालता येतो असे सांगितले. त्याच निकालात संकेतस्थळावरील मजकूर रोखण्याचे कलम ६९अ मात्र कायम राहिले, कारण त्यासोबतच्या २००९ च्या नियमांत कारणे नोंदवणे, समितीने तपासणे आणि मजकूर टाकणाऱ्याला शक्य असेल तेथे नोटीस देणे या गोष्टी आहेत. त्याच नियमांपैकी सोळावा नियम तक्रारी व कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. आदेश कंपनीकडे जातो, मजकूर पडद्यावरून जातो, आणि लिहिणाऱ्याच्या हाती आदेशाची प्रतही नसते. लंडनच्या परवाना अधिकाऱ्याने नकार दिला तर निदान तो कोणी दिला हे मुद्रकाला माहीत असे. माझ्याकडे असा माणूस येतो तेव्हा रिट अर्ज लिहिण्याआधी पहिली मागणी करावी लागते ती आदेशाच्या प्रतीची, कारण आदेशामागचे कारण कळल्याशिवाय ते वाजवी आहे की नाही हे न्यायालयापुढे मांडताच येत नाही.